पास, हाय पास आणि 'अजून वाचत जा'

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडच्या तिसऱ्या वर्षाशी याची गल्लत करू नका. तिथे आधी चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, आणि त्यातलं तिसरं वर्ष म्हणजे पुस्तकं मिटून वॉर्डात उभं राहायचं वर्ष. काही आठवडे सर्जरी, काही आठवडे मेडिसिन, मग बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार... असं एका विभागातून दुसऱ्यात फिरत राहायचं. याला क्लिनिकल रोटेशन म्हणतात, किंवा क्लर्कशिप. प्रत्येक रोटेशनच्या शेवटी एक ग्रेड मिळते. बऱ्याच ठिकाणी चार ग्रेड असतात: ऑनर्स, हाय पास, पास आणि फेल.

भाचीचं सर्जरीचं रोटेशन नुकतंच संपलं. आठ आठवडे पहाटे चारला उठून पळापळ केल्यावर ग्रेड आली हाय पास. सोबत वरिष्ठ सर्जनचा, म्हणजे तिथल्या भाषेत अटेंडिंगचा, दोन ओळींचा शेरा. स्वभाव चांगला, टीममध्ये मिसळून काम करते, अजून वाचत जा.

"हे वाईट आहे का?" मी अडाण्यासारखं विचारलं.

"वाईट नाहीये रे मामा. पण मला सर्जरीच करायचीये, आणि सर्जरीच्या रेझिडेन्सीला अर्ज करणारे बहुतेक सगळे सर्जरीत ऑनर्स घेऊन येतात. आणि खरं सांगू? ज्याने हे लिहिलंय ना, त्याने मला पेशंटशी बोलताना एकदाही बघितलेलं नाहीये."

यावर मी जे मामा लोक बोलतात तेच बोललो, म्हणजे "होईल गं सगळं नीट". पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. कारण दर एप्रिलमध्ये मी स्वतः आठ जणांचे अप्रेझल फॉर्म भरतो, आणि त्यात हुबेहूब अशीच वाक्यं लिहितो. 'चांगला टीम प्लेयर. पुढाकार वाढवायला हवा.' त्या आठांपैकी कितीजणांना मी प्रत्यक्ष काम करताना बघितलेलं असतं? जाऊ दे.

तर या वीकएंडचा विषय मिळाला. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना वॉर्डात मार्क द्यायची ही पद्धत आली कुठून? वाचायला घेतलं तर लक्षात आलं की हा जवळपास १८० वर्षांचा गोंधळ आहे. आणि तो आपल्याला, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, भलताच ओळखीचा वाटेल असा आहे.

सुरुवात करू या १८४२ पासून. त्याआधी इंग्लंडमधल्या विद्यापीठात डॉक्टरकीची परीक्षा म्हणजे प्रश्नोत्तरं आणि वादविवाद, मुख्यतः पुस्तकी. खाटेवरच्या माणसाला हात न लावता पदवी मिळू शकायची. जॉर्ज पॅजेट नावाच्या एका डॉक्टरने त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या गळी उतरवलं की उमेदवाराला पेशंटच्या खाटेशी नेऊनच परीक्षा घ्यायची. ब्रिटनमधली ही पहिली नियमित क्लिनिकल परीक्षा मानतात. खाटेशी शिकवणं मात्र त्याआधीपासून होतं. हॉलंडमध्ये लायडनला बूरहाव्हे हा प्राध्यापक अठराव्या शतकात अवघ्या १२ खाटांवर (६ पुरुष, ६ बायका) युरोपभरच्या पोरांना शिकवत असे. पण शिकवणं वेगळं आणि मार्क देणं वेगळं.

आता 'क्लर्कशिप' हा शब्द. हो, तोच क्लर्क, फायलीवाला. ब्रिटिश हॉस्पिटलांत पेशंटची हकिकत लिहून घ्यायला विद्यार्थी ठेवत, त्यांना क्लिनिकल क्लर्क म्हणत. विल्यम ऑस्लर या कॅनेडियन डॉक्टरने ही कल्पना अमेरिकेत नेऊन शिक्षणाचा कणा करून टाकली. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं. ऑस्लरच्या योजनेत तिसऱ्या वर्षी विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात बसायचे आणि चौथ्या वर्षी वॉर्डात. नेमून दिलेला पेशंट त्यांचा, त्याची हकिकत त्यांनी लिहायची, आणि सकाळी राउंडला ती सर्वांसमोर मांडायची. आपल्या थडग्यावर एवढंच लिहावं की याने विद्यार्थ्यांना वॉर्डात नेऊन शिकवलं, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. बाकीची कामगिरी त्याला त्यापुढे फिकी वाटत होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हॉपकिन्सच्या पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी होते. अठरा! त्यातला कोण हुशार, कोण आळशी, कोण पेशंटशी तुसडेपणाने वागतो, हे ठरवायला ऑस्लरला कुठलाही फॉर्म लागत नव्हता. तो त्यांना महिनोन् महिने रोज बघत होता.

पण बाकीच्या अमेरिकेत काय चाललं होतं? १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूल्स फिरून एक अहवाल लिहिला. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नावालाच होती, आणि हॉस्पिटलशी संबंध तर त्याहून कमी. अहवालानंतर बरीचशी स्कूल्स बंद पडली किंवा एकमेकांत विलीन झाली. उरलेल्यांनी हॉपकिन्सचा नमुना उचलला. क्लर्कशिप देशभर गेली, पण ऑस्लर काही देशभर जाऊ शकत नव्हता.

मग प्रश्न आला की एका राज्यातला डॉक्टर चांगला आहे हे दुसऱ्या राज्याने कशावरून मानायचं? त्यासाठी १९१५ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झॅमिनर्स ही संस्था निघाली. पहिली परीक्षा १९१६ मध्ये वॉशिंग्टनला झाली. आठवडाभर चालणारी परीक्षा. लेखी, तोंडी, प्रयोगशाळेतली, आणि खऱ्या पेशंटच्या खाटेशी. दहा जण बसले, पाच पास झाले. पुढे परीक्षा वाढली, तिचे तीन भाग झाले, आणि तिसरा भाग म्हणजे खाटेशी घेतली जाणारी परीक्षा. समोर पेशंट, शेजारी अनुभवी परीक्षक. तासून बघायला यापेक्षा चांगली जागा कुठली असणार? डॉक्टरी समाजात या परीक्षेला मोठा मान होता.

आणि मग कोणीतरी डेटा बघितला.

नॅशनल बोर्डचे जॉन हबर्ड यांनी १९६३ मध्ये सुमारे १०,००० विद्यार्थ्यांच्या खाटेशी झालेल्या परीक्षांचा हिशोब मांडला. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासलं होतं. प्रश्न साधा होता. दोघांच्या मार्कांचा आपसात किती मेळ बसतो? सहसंबंध निघाला ०.२५ पेक्षाही कमी. ज्यांचं स्टॅटिस्टिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरमध्येच वाहून गेलं त्यांच्यासाठी सांगतो. ०.२५ चा वर्ग ०.०६ च्या आसपास. म्हणजे एका परीक्षकाच्या मार्कांवरून दुसऱ्याच्या मार्कांमधल्या चढउताराचा जेमतेम ६ टक्के भाग समजतो. उरलेल्या ९४ टक्क्यांत नशीब, पेशंटचा आजार, परीक्षकाचा मूड, सकाळचा चहा सगळं आलं.

हे वाचून मी खुर्चीत नीट बसलो. सत्तेचाळीस वर्षं ही परीक्षा चालली होती. परीक्षक नामांकित होते, प्रामाणिक होते. तरीही...

असं का व्हावं? यात तीन व्हेरिएबल्स आहेत: विद्यार्थी, पेशंट आणि परीक्षक. आपल्याला मोजायचाय फक्त विद्यार्थी, पण एकाच वेळी तिन्ही हलतायत. एकाला मिळालेला पेशंट बोलका, आजार सरळ. दुसऱ्याला मिळालेला पेशंट बहिरा, आजार पाच. एका परीक्षकाला हृदयाचे आवाज महत्त्वाचे, दुसऱ्याला टापटीप. शिवाय १९२० मध्ये थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात एक गोष्ट पकडली होती. वरिष्ठांना एखादा माणूस एका बाबतीत आवडला की बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य सगळ्याच रकान्यांत त्याला चढे मार्क पडतात. यालाच हेलो इफेक्ट म्हणतात. फॉर्मवर दहा रकाने असले तरी भरणारा एकाच मताची दहा रूपं भरत असतो. (अप्रेझल. एप्रिल. असो.)

आणखी एक धक्का १९७८ मध्ये बसला. आर्थर एल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी अनुभवी डॉक्टर विचार कसा करतात याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की एका केसमध्ये उत्तम निदान करणारा डॉक्टर दुसऱ्या केसमध्येही उत्तम करेलच असं सांगता येत नाही. क्लिनिकल कौशल्य नावाची एकच गोष्ट माणसाच्या डोक्यात बसलेली नसते, ती त्या त्या आजाराच्या ज्ञानाला चिकटलेली असते. म्हणजे एका पेशंटवर तासभर परीक्षा घेऊन तुम्हाला त्या एका पेशंटपुरतंच कळतं. एकच टेस्ट केस चालवून बिल्ड रिलीज करण्यासारखं झालं ना हे.

तर नॅशनल बोर्डाने १९६० च्या दशकात खाटेशी होणारी परीक्षा बंद केली. जागी आणली कागदावरची परीक्षा. पेशंटची हकिकत छापलेली, पुढे करायच्या गोष्टींची यादी, आणि प्रत्येकीच्या उत्तरावर एक शाईचा पट्टा. रक्ताची अमुक तपासणी करायचीये? पट्टा खोडरबरने घासा, खाली निकाल दिसेल. थोडक्यात स्क्रॅच कार्ड! मार्कांत शिस्त आली. पण पेशंट गेला. घाबरलेल्या म्हातारीशी कसं बोलायचं हे खोडरबर घासून कळत नाही.

याच सुमारास कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज नावाचा एक न्यूरॉलॉजिस्ट वेगळ्याच दिशेने निघाला होता. त्यामागची गोष्ट मला फार आवडली. तो स्वतः शिकत असताना परीक्षेला वारंवार वापरला जाणारा एक पेशंट होता. एकदा एका उमेदवाराने त्याला फार धसमुसळेपणाने आणि तुसडेपणाने तपासलं. नंतर त्या पेशंटने बॅरोजला कबुली दिली की त्या उमेदवारासमोर आपण लक्षणं मुद्दाम बदलून दाखवली! परीक्षक बिचारे मार्क देत होते, पण उमेदवाराचा निकाल खरं तर खाटेवरच्या माणसाने लावला होता.

दुसरा कोणी यावर हसून सोडून देता. बॅरोजच्या डोक्यात मात्र दिवा पेटला. पेशंट जर लक्षणं बदलू शकतो, तर निरोगी माणसाला ठरावीक लक्षणं दाखवायला शिकवता का येणार नाही? १९६३ मध्ये त्याने चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका स्त्रीला तयार केलं. पॅटी डगर हे काल्पनिक नाव, मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार, पायांतली ताकद गेलेली. विद्यार्थी तपासून गेला की ती स्वतः यादीवर खुणा करायची. काय विचारलं, काय तपासलं, कसं वागला. १९६४ मध्ये त्याने यावर लेख लिहिला. सुरुवातीला खूप टिंगल झाली. खऱ्या वैद्यकशास्त्रात नटनट्यांचं काय काम, असा एकूण सूर होता.

दुसरा तुकडा स्कॉटलंडमधून आला. डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांसोबत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक नवी परीक्षा मांडली. हॉस्पिटलमध्ये ओळीने स्टेशनं लावायची. एका ठिकाणी छाती तपासा, दुसऱ्या ठिकाणी हकिकत घ्या, तिसऱ्या ठिकाणी एक्स-रे वाचा. ठरावीक मिनिटांनी घंटा वाजते, सगळे एक घर पुढे सरकतात. प्रत्येक स्टेशनवर वेगळा परीक्षक, हातात चेकलिस्ट. हीच ती ऑस्की. आज आपल्याकडच्या मेडिकलच्या पोरांनाही हा शब्द पाठ आहे. कल्पना अगदी सरळ: पेशंट आणि परीक्षक सगळ्यांना सारखेच, आणि एका मोठ्या नमुन्याऐवजी अनेक छोटे नमुने. हबर्डचं ०.२५ आणि एल्स्टाइनची केस, दोन्ही दुखण्यांवर हा इलाज होता.

मग संपला का प्रश्न? मलाही वाटलं संपला. मी चहा टाकायला उठणार होतो.

१९९९ मध्ये टोरांटोच्या ब्रायन हॉजेस आणि मंडळींनी मानसोपचाराची एक ऑस्की घेतली. बसवले तीन गट: विद्यार्थी, रेझिडेंट आणि मुरलेले फॅमिली डॉक्टर. चेकलिस्टवर सर्वात कमी मार्क कोणाला? मुरलेल्या डॉक्टरांना! कारण अनुभवी माणूस यादीतले वीस प्रश्न विचारत बसत नाही. तो चार प्रश्नांत मुद्द्याला हात घालतो आणि उरलेला वेळ ऐकण्यात घालवतो. चेकलिस्टला मात्र उरलेल्या सोळा रिकाम्या चौकटीच दिसतात. गंमत म्हणजे त्याच परीक्षकांना चेकलिस्ट बाजूला ठेवून एकूण मत विचारलं, तेव्हा हेच डॉक्टर वर आले. कोड कव्हरेज ९५ टक्के आणि प्रॉडक्शनमध्ये बोंबाबोंब, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

म्हणजे मोकळं मत घेतलं तर ते परीक्षकागणिक बदलतं, आणि मोजपट्टी लावली तर ती नवशिक्यालाच उंच दाखवते. या दोन टोकांमध्ये हा विषय आजही हेलकावतोय.

आणि आता खरा मुद्दा. हे सगळं संशोधन झालं ते परीक्षेवर. भाचीला मिळालेली ग्रेड परीक्षेची नाही, रोटेशनची आहे. तिथे काय बदललं?

फारसं काही नाही! बहुतेक ठिकाणी रोटेशनच्या शेवटी एक एमसीक्यू परीक्षा असते (पोरं तिला शेल्फ म्हणतात), कुठे एखादी ऑस्की असते, आणि ग्रेडचा मोठा वाटा असतो वॉर्डातल्या डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्मचा. तो डॉक्टर कधी दोन आठवडे सोबत असतो, कधी चार दिवस. विद्यार्थी पेशंटला एकटाच तपासतो, बाहेर येऊन सादरीकरण करतो, आणि डॉक्टर बघतो ते सादरीकरण. म्हणजे कोड न वाचता डेमो बघून केलेला रिव्ह्यू.

आणि समजा, बघितलं तरी? १९९२ मध्ये अमेरिकेत दोनशेहून जास्त प्राध्यापक-डॉक्टरांना रेझिडेंट पेशंटला तपासतायत असे व्हिडिओ दाखवले. व्हिडिओत चुका मुद्दाम घालून ठेवलेल्या. मोकळा फॉर्म दिलेल्यांनी चांगल्या-वाईट मुद्द्यांपैकी साधारण एक तृतीयांशच टिपले. मुद्दे छापलेला फॉर्म दिल्यावर हे प्रमाण जवळपास दुप्पट झालं. पण एकूण मत सुधारलं का? नाही. जेमतेम कामगिरीलाही बहुसंख्यांनी समाधानकारक किंवा त्याहून वर ठरवलं. डोळ्यांना चूक दिसते, पण हात वाईट मार्क लिहायला धजावत नाही. कोण उगाच कोणाचं करिअर बिघडवणार?

या भिडस्तपणाचा देशभरचा हिशोब २०१२ मध्ये छापून आला. अमेरिकेतल्या मेडिकल स्कूल्सच्या ग्रेड गोळा केल्या तर आठ वेगवेगळ्या ग्रेडिंग पद्धती आणि शब्दांचे २७ वेगवेगळे संच सापडले. सर्वोच्च ग्रेड मिळवणाऱ्यांचं प्रमाण एका स्कूलमध्ये २ टक्के, तर दुसऱ्या टोकाला ९३ टक्के! ग्रेडचे प्रकार कितीही असोत, ९७ टक्के विद्यार्थी वरच्या तिनांपैकी एका ग्रेडमध्ये. नापास होणारे १ टक्क्याहूनही कमी.

आता हा विनोद म्हणून सोडून देता आला असता, पण याच ग्रेडवर रेझिडेन्सी ठरते. आणि छोट्या पक्षपाताचं पुढे काय होतं तेही बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने स्वतःचाच डेटा तपासून २०१८ मध्ये छापला. वैद्यकीय क्षेत्रात ज्या समाजांचं प्रमाण कमी आहे, म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिनो वगैरे, त्या विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या गुणांत इतरांपेक्षा अगदी किरकोळ फरक होता. पण वरच्या ग्रेडची रेषा मध्येच कुठेतरी ओढलेली असते, त्यामुळे ऑनर्सपर्यंत येता येता त्यांना मिळणारे ऑनर्स इतरांच्या जवळपास निम्मेच उरले, आणि ऑनर सोसायटीच्या निवडीत तर फरक तिपटीवर गेला. दशांशातली राउंडिंग एरर पगारपत्रकात येते तशी. तिथे २०१९ पासून मुख्य रोटेशन्सना ऑनर्स देणंच बंद केलं, फक्त पास-नापास.

चांगले प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. बेथेस्डाच्या लष्करी मेडिकल स्कूलमधले लुई पँगारो यांनी १९९९ मध्ये आकड्यांऐवजी चार शब्द सुचवले. विद्यार्थी रिपोर्टर आहे (माहिती बिनचूक आणतो), इंटरप्रिटर आहे (त्याचा अर्थ लावतो), मॅनेजर आहे (काय करायचं ते ठरवतो) की एज्युकेटर (स्वतः शिकतो, इतरांना शिकवतो)? हे वाचल्यावर भाचीच्या फॉर्ममधलं 'अजून वाचत जा' किती पोकळ आहे ते कळतं. "तू माहिती उत्तम आणतेस, पण आता स्वतःचं मत मांडायला लाग", या वाक्यावर माणूस काहीतरी करू शकतो. जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ मध्ये मांडलेली मिनी-सीईएक्सही अशीच साधी. पंधरा-वीस मिनिटं उभं राहून विद्यार्थ्याला खऱ्या पेशंटसोबत बघा, लगेच दोन गोष्टी सांगा, आणि हे वेगवेगळ्या डॉक्टरांकडून अनेकदा होऊ द्या. यात नवीन असं काय आहे? खरं तर काहीच नाही. ऑस्लर हेच करत होता, फक्त न मोजता.

मधल्या काळात बॅरोजच्या नटनट्यांचा देशव्यापी कारखाना झाला. परदेशातून येणाऱ्या डॉक्टरांसाठी १९९८ मध्ये क्लिनिकल स्किल्सची परीक्षा सुरू झाली, तीही फिलाडेल्फियाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी जिथून डॉक्टर झाल्या तेच शहर. आपल्याकडच्या डॉक्टर पोरापोरींनी व्हिसा काढून, विमानाचं तिकीट काढून, नट-पेशंटला 'हाऊ आर यू टुडे' म्हणायची तालीम करत तिथे जायचं. २००४ पासून हीच परीक्षा, स्टेप टू सीएस, अमेरिकन विद्यार्थ्यांनाही सक्तीची झाली. बारा पेशंट, प्रत्येकी पंधरा मिनिटं, फी पुढे १,३०० डॉलरच्या आसपास गेली. अमेरिकन विद्यार्थी बहुतेक सगळे पासच व्हायचे. दोनदा नापास होणारा एक विद्यार्थी शोधायला दहा लाख डॉलरहून जास्त खर्च येतो, असा हिशोब २०१३ मध्ये छापून आला. कोविडमध्ये परीक्षा थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, स्टेप वन या लेखी परीक्षेचे आकडेही गेले, फक्त पास-नापास उरलं.

म्हणजे रेझिडेन्सीवाल्यांच्या हातातला एक मोठा आकडा गेला. मग ते बघणार कशाकडे? उरलेल्या परीक्षेच्या मार्कांकडे, आणि रोटेशनच्या ग्रेडकडे. जी मोजायला सगळ्यात कच्ची, तिच्यावरच वजन वाढलं.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे अजूनही लाँग केस, शॉर्ट केस आणि टेबल व्हायव्हा. एक घरचा परीक्षक, एक बाहेरचा. केस कुठली मिळेल त्यावर पोरांचे देव पाण्यात. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने लॉगबुक आणलं, कौशल्यं प्रत्यक्ष करून दाखवायची आणि त्यावर सही घ्यायची. उत्तम कल्पना. पण सही करणाऱ्याने बघितलं का, हा प्रश्न बाल्टिमोर असो की बीड, तोच राहतो.

रविवारी संध्याकाळी भाचीला परत फोन केला आणि हे सगळं पुराण ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं (मामा असल्याचा फायदा) आणि विचारलं, "म्हणजे माझी ग्रेड चुकीची आहे?"

"चुकीची आहे की बरोबर, हे सांगण्याइतकी माहितीच त्यात नाहीये," मी म्हटलं.

"रेझिडेन्सीवाल्यांना सांगशील का हे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये. हबर्डचा आकडा तिच्या अर्जाला जोडता येत नाही.

मग तिनेच सांगितलं. आता तिचं मेडिसिनचं रोटेशन सुरू झालंय. पहिल्याच आठवड्यात तिने धीर करून अटेंडिंगला विचारलं, "मी हिस्टरी घेताना आज दहा मिनिटं उभे राहाल का?" तो जरा चकित झाला, पण राहिला. पेशंट ८० च्या घरातले आजोबा. हिने औषधांची सगळी यादी विचारली, नीट लिहून घेतली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, प्रश्न सगळे बरोबर होते, पण त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि तू डावीकडेच उभी होतीस. निम्म्या प्रश्नांना ते अंदाजाने 'हो' म्हणत होते.

ती परत आत गेली, उजवीकडे उभी राहिली, पुन्हा सगळं विचारलं. रक्त पातळ करायची गोळी त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच बंद केलेली निघाली. यादीत ती चालू होती.

"हे कुठल्या ग्रेडमध्ये बसतं रे मामा?"

माहीत नाही. पण त्या दिवशी कोणीतरी बघत होतं म्हणून आजोबांची यादी दुरुस्त झाली, एवढं नक्की. माझ्या टीममधल्या आठ जणांपैकी दोघांबरोबर मी या आठवड्यात त्यांच्या क्लायंट कॉलला नुसता ऐकायला बसणार आहे. एकाने लगेच विचारलं, "सर, काही प्रॉब्लेम झालाय का?"

बघायला बसलं की लोकांना प्रॉब्लेमच वाटतो, इतकी ही गोष्ट दुर्मिळ झालीये.